भंगार, अक्स आणि अमानत

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा आपल्याकडे शब्दांपुरती होत आली आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून कविता, कथा, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांचा हिशेब आपण वेळोवेळी मांडला. मुख्य प्रवाहातील कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत मुसलमानाचे जे ठराविक चित्र रंगवले गेले, त्यावरही पुष्कळ लिहून झाले. पण तिथे 'चित्र' हा शब्द आपण अलंकार म्हणून वापरला. खऱ्याखुऱ्या चित्रांकडे, डोळ्यांना दिसणाऱ्या आणि आता तर खिशात वागवता येणाऱ्या चित्रांकडे, आपल्या समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही.

हे दुर्लक्ष आता परवडणारे नाही. १३ मे २०२३ रोजी अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर महिनाभरात, ७ जून २०२३ रोजी, मोबाइलवरच्या 'स्टेटस'वरून कोल्हापूर पेटले. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, तोवर आम्ही अकोला जिल्ह्याचेच रहिवासी होतो. आजही बाजारहाट, दवाखाना, सोयरीक या निमित्ताने आमचे अकोल्याला जाणे-येणे असते. त्या दिवसांत कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव इथल्या घरांघरांत आईबाप पोरांच्या हातातले मोबाइल काढून घेत होते. तळहाताएवढ्या त्या वस्तूत आपल्या मुलाला गुन्हेगार ठरवण्याची ताकद आहे, एवढे त्यांना कळले होते. ज्या चित्राला इतकी ताकद आहे, त्याची समीक्षा साहित्याच्या वार्षिकात का होऊ नये?

म्हणून या लेखात आम्ही एका वेगळ्या कलेचा विचार करणार आहोत. डिजिटल प्रतिमा आणि टाकून दिलेली, स्वस्त झालेली, जुनी पडलेली यंत्रे यांतून घडणारी ही कला आहे. तिचे एक महत्त्वाचे केंद्र आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईत आहे, आणि तिच्यातील एक महत्त्वाची कृती समुद्रावर पोट भरणाऱ्या गरीब खलाशांच्या मोबाइलमधून जन्माला आली आहे.

दोन

आधी आमच्या गल्लीकडे पाहू. साधारण २००८ ते २०१६ या काळात आमच्याकडच्या प्रत्येक गावात एक धंदा जोरात होता. मोबाइलच्या दुकानात एक संगणक असे. दहा-वीस रुपये दिले की दुकानदार तुमचे मेमरी कार्ड भरून देई. कव्वाल्या, नात, मौलानांचे बयान, हिंदी सिनेमाची गाणी, कुठल्याशा लग्नातला नाच, गावच्या उरुसाचे चित्रण असे सगळे एकाच नखाएवढ्या कार्डात मावत असे. मंगरूळपीरला हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर जाऊन आलेला माणूस संदलची दोन मिनिटांची चित्रफीत घेऊन येई, ती ब्लूटूथवरून दुसऱ्याच्या फोनमध्ये जाई, तिथून तिसऱ्याच्या. कोणी काढली, कोणी गाणे लावले, याचा पत्ता नसे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरण्याचा धंदा बघता बघता संपला. ती कार्डे, ते बटनांचे फोन आता कुठे आहेत? काही कपाटातल्या डब्यात, बाकीचे भंगारात किलोच्या भावाने.

आमच्या पिढीला या फोनच्या आधीचेही भंगार आठवते. खोक्यासारखे टीव्ही संच, भाड्याने आणलेला व्हीसीआर, एसटीडी बूथचे यंत्र. हे सगळे गोळा करणारे, फोडणारे, तांबे-पितळ वेगळे काढणारे हात कोणाचे होते, हे सांगायला नको. कुर्ला असो की दिल्लीचे सीलमपूर, या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के भाग रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या नोंदीत आला. उरलेल्यातला किती भाग उघड्या हातांनी, आम्लाच्या बादलीवर वाकून हाताळला जातो, ते या धंद्यातल्या घरांना ठाऊक आहे.

म्हणजे टाकलेले यंत्र आणि फिरते चित्र या दोन्ही गोष्टी आपल्या अनुभवविश्वात आधीपासून आहेत. कलेच्या जगाने त्यांचे काय केले, हा पुढचा प्रश्न.

तीन

भंगारातून कला म्हटली की आपल्यापुढे एक ओळखीचे दृश्य येते. चंदीगडला नेकचंद सैनी नावाच्या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या कपबश्या, बांगड्या, विजेचे टाकाऊ सामान वेचून गुपचूप एक बाग उभी केली. १९७६ साली ती 'रॉक गार्डन' म्हणून लोकांसाठी खुली झाली. एका माणसाच्या ध्यासाचे ते काम होते आणि त्याचे मोल मोठे आहे. पुढे मात्र या कल्पनेचा साचा झाला. २०१९ साली दिल्लीत भंगारापासून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारून एक बाग सुरू झाली. आता शहरोशहरी चौकात लोखंडी भंगाराचे मोर, सिंह, घोडे उभे राहतात. शाळांच्या प्रदर्शनात की-बोर्डच्या बटनांचा गणपती आणि सीडींचा मोर असतो.

या कामांविषयी आमचा आक्षेप सौम्य आहे, पण स्पष्ट आहे. इथे भंगाराला मोल येते ते त्याने भंगार असण्याचे सोडून दिल्यावर. सर्किट बोर्डाला मोराचे पीस बनावे लागते, तेव्हा कुठे त्याच्याकडे आदराने पाहिले जाते. तो बोर्ड कोणी बनवला, कोणी वापरला, कोणी फोडला, हे मोराच्या पिसाऱ्यामागे झाकले जाते. समाजाच्या कडेला टाकलेल्या माणसांकडूनही अशीच अपेक्षा असते. तुम्ही आधी दुसरे काहीतरी व्हा, मग आम्ही तुमचे कौतुक करू.

दुसरी एक वाट कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक यांनी (१९३२-२००६) दाखवली. टीव्ही संच त्यांनी रंगासारखे, विटेसारखे वापरले, पण चालू ठेवून वापरले. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी १००३ टीव्ही संचांचा एक प्रचंड मनोरा उभारला. तो कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या ग्वाचॉन येथील इमारतीत आहे. काळाच्या ओघात काचनळीचे टीव्ही बनणे बंद झाले, संच एकेक करून मरू लागले आणि २०१८ साली मनोरा बंद करावा लागला. मग सुरू झाली दुरुस्ती. जुने संच आणि सुटे भाग धुंडाळून ७३७ संच पुन्हा चालते केले गेले. उरलेल्या २६६ संचांचे खोके तेच ठेवून आत नवे सपाट पडदे बसवले गेले. २०२२ साली मनोरा पुन्हा उजळला.

ही हकीकत वाचताना आम्हाला आमच्या गावचा टीव्ही मेकॅनिक आठवला. एका मेलेल्या संचातून ट्रान्सफॉर्मर काढून तो दुसऱ्याला जगवत असे. आधुनिक कलेचा एवढा मोठा मानदंड शेवटी अशाच हातांवर उभा राहिला. कलेच्या इतिहासात कलावंताचे नाव राहते, मेकॅनिकचे राहत नाही. आपण तरी ते लक्षात ठेवावे.

चार

आता मुंबईकडे येऊ. पण मुंबईच्या नव्या कलेत आपला माणूस कसा आला, हे आधी पाहणे भाग आहे.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका मृतदेहाचे छायाचित्र होशी जाल यांनी काढले. ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आले. विवान सुंदरम यांनी (१९४३-२०२३) त्या छायाचित्रावरून १९९३ साली 'मेमोरियल' ही कलाकृती रचली. वर्तमानपत्रातली ती प्रतिमा पुन्हा पुन्हा घेऊन तिच्यावर खिळे ठोकले, तिला आसरा दिला, तिची जणू कबर बांधली. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलीत ९०० मृत्यू नोंदवले. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ अन्य. छायाचित्रातला माणूस यांपैकी कोणत्या रकान्यात होता, हे चित्र सांगत नाही. याच काळात रुम्माना हुसैन (१९५२-१९९९) यांनी नेहमीची चित्रकला बाजूला ठेवली. फुटकी मडकी, आरसे आणि स्वतःचे शरीर हीच त्यांची सामग्री झाली. मुस्लिम स्त्री म्हणून आपल्याकडे कसे पाहिले जाते, हा प्रश्न त्यांनी थेट प्रेक्षकासमोर ठेवला. दुर्दैवाने आपल्या मराठी नियतकालिकांत त्यांच्याविषयी पुरेसे लिहिले गेले नाही.

'मेमोरियल' ही प्रामाणिक आणि वेदनेची कृती आहे. तरीही एक गोष्ट खुपते. तिथे दंगलीत सापडलेला माणूस येतो तो प्रेत म्हणून. चित्र दुसऱ्याने काढलेले, कलाकृती तिसऱ्याने केलेली. ज्याचे चित्र आहे त्याला बोलायला जागाच उरलेली नाही.

बरोबर वीस वर्षांनी, २०१३ साली, 'फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ' हा ८३ मिनिटांचा चित्रपट आला. मुंबईतील 'कॅम्प' या कलासमूहाने तो केला. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भंगार यांनी २००७ साली हा समूह सुरू केला. खारच्या चुईम गावठाणातील त्यांच्या जागेची गच्ची चित्रपट दाखवण्यासाठी प्रसिद्ध आहे. २००९ च्या शारजा कलाप्रदर्शनासाठी ते तिथल्या खाडीवर गेले. कच्छच्या आखातातल्या मांडवी, सलाया या बंदरांची लाकडी जहाजे तिथे माल भरत होती आणि सोमालियाकडे निघत होती. ज्या बंदरांत युद्धामुळे मोठी कंटेनर जहाजे जायला तयार नव्हती, तिथे ही लाकडी वहाणे जात. एका टोकाला जुन्या झालेल्या मोटारी आणि यंत्रे दुसऱ्या टोकाला नव्याने कामाला लागत. 'कॅम्प'ने त्या मालाच्या याद्यांचे पुस्तक केले आणि खाडीवर काही संध्याकाळी 'रेडिओ मीना' चालवला. मीना म्हणजे अरबीत बंदर.

खलाशांशी मैत्री झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. चित्रीकरण करणारे इथे आधीपासून आहेत. खलाशांच्या मोबाइलमध्ये समुद्राची, मालाची, शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या वहाणाची, साथीदारांच्या गमतीची चित्रणे होती. त्यांवर त्यांनी आपल्या पसंतीची गाणी चढवलेली होती. बंदरात दोन वहाणे भेटली की फोनमधून फोनमध्ये ही चित्रे जात. म्हणजे आमच्या मंगरूळपीरच्या कार्डाचाच प्रकार, पण तीन आखातांवर पसरलेला. चार वर्षांच्या देवाणघेवाणीतून हा चित्रपट तयार झाला. कलावंतांनी स्वतः केलेले चित्रण त्यात आहे, पण चित्रपटाचा प्राण खलाशांच्या मोबाइलमध्ये आहे.

आमच्या कोकणी मुस्लिम वाचकांना हे जग वेगळे सांगण्याची गरज नाही. रत्नागिरी-रायगडच्या गावांत खलाशी, तांडेल, सारंग या शब्दांनी घरे ओळखली जातात. आखातात गेलेल्या माणसांच्या पैशावर तिथल्या मशिदींचे मिनार उभे राहिले. पण त्या जगाविषयी जे मराठीत आले ते बहुधा मागे राहिलेल्यांच्या नजरेतून आले. वाट पाहणारी बायको, पैसे पाठवणारा मुलगा. प्रत्यक्ष समुद्रावरच्या माणसाला काय दिसते, हे या चित्रपटात आहे. त्याला जग देशांच्या रंगीत नकाशासारखे दिसत नाही. त्याला बंदर, भरती, माल, कागदपत्र, दुसऱ्या वहाणावरचा ओळखीचा माणूस दिसतो. कच्छी, इराणी, बलुची, सोमाली अशी माणसे एकमेकांच्या चौकटीत येतात-जातात. चित्रपट त्यांच्यासाठी हळहळत नाही आणि त्यांना वीरही बनवत नाही. इथला मुसलमान पीडित नाही, संशयित नाही. तो कामावर आहे आणि त्याला गाणे आवडते. इतके साधे चित्र आपल्याला किती वेळा पाहायला मिळते?

रूपाच्या दृष्टीनेही एक गोष्ट नोंदवावी. त्या काळच्या स्वस्त फोनची चित्रणे फार लहान आकाराची असत. शिवाय जागा वाचवण्यासाठी फोन दर क्षणी पूर्ण चित्र साठवत नाही, आधीच्या चित्रापासून जेवढे बदलले तेवढेच टिपतो. जहाजाची फळी स्थिर असते, ती नीट उमटते. समुद्र मात्र प्रत्येक क्षणी सगळाच्या सगळा बदलतो, आणि बिचाऱ्या यंत्राला तो आवरत नाही. मोठ्या पडद्यावर लाटांचे चौकोन होतात, पाणी ठिकऱ्यांसारखे दिसते. महाग कॅमेऱ्याने हा दोष काढून टाकला असता. इथे तो राहिला आणि त्याने एक खरी गोष्ट सांगितली. खलाशाच्या फोनला समुद्र पेलत नव्हता, तरी त्याने तो टिपला.

जर्मन कलावंत हिटो श्टायर्ल यांनी २००९ साली एका निबंधात अशा झिजलेल्या, हातोहात फिरून फिकट पडलेल्या प्रतिमांना 'गरीब प्रतिमा' म्हटले आणि त्यांची बाजू मांडली. त्यात आम्ही एक भर घालू इच्छितो. गरीब प्रतिमा आणि गरिबाची प्रतिमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबाची प्रतिमा बहुतेक वेळा श्रीमंत कॅमेऱ्याने काढलेली, सुबक आणि पुरस्कारप्राप्त असते. गरिबाने स्वतः काढलेली प्रतिमा मात्र फुटकी, हलणारी, म्हणून 'निकृष्ट' ठरते. 'कॅम्प'चे मोठेपण असे की त्यांनी ती स्वच्छ करून मोर बनवला नाही.

पाच

'कॅम्प'च्या कामाची दुसरी बाजू पाळतीच्या कॅमेऱ्याशी निगडित आहे. आज वाशीमच्या पाटणी चौकापासून ते छोट्या किराणा दुकानापर्यंत सीसीटीव्ही पोचला आहे. पाहणारा दिसत नाही आणि दिसणाऱ्याला पाहता येत नाही, हे त्या यंत्राचे सूत्र. शायना आनंद यांनी २००६ साली दिल्लीच्या खिडकी वस्तीत 'खिडकियाँ' या कामात ते सूत्र उलटवले. स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे, घरचेच टीव्ही आणि केबलची तार वापरून त्यांनी शेजारची घरे, दुकाने एकमेकांना जोडली. टीव्हीच्या पडद्याचे चार भाग झाले आणि चार ठिकाणचे लोक एकमेकांना पाहत, बोलत, भांडत बसले. पाहणारा तोच दिसणारा झाला.

२००९ ते २०११ या काळात हेच यंत्र पूर्व जेरुसलेमला गेले. त्या कामाचे नाव एका अरबी म्हणीवरून घेतले आहे, 'अल-जार कब्ल अद-दार', म्हणजे घराआधी शेजार पाहावा. पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरावर दूरनियंत्रित कॅमेरा बसवला गेला आणि त्याची सूत्रे घरातल्यांच्या हाती दिली. ती माणसे कॅमेरा वळवतात, जवळ आणतात आणि पाहता पाहता बोलत राहतात. ज्या घरांतून माणसांना बाहेर काढले गेले, जिथे आता दुसरेच राहतात, ती घरे, ती झाडे, तो रस्ता ती दुरून पाहतात. पाळतीचे यंत्र इथे आठवणीचे यंत्र होते. हक्काने आत जाता येत नाही, पण नजर जाते. शेजाऱ्याचे हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठे मानले आहेत, हे जाणणाऱ्या वाचकाला या नावाचा सल वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तथापि आमचे समाधान सगळीकडे झालेले नाही. २०२२ सालच्या 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' या सात पडद्यांच्या कामात महासाथीच्या काळात मध्य मुंबईतील ३५ मजली इमारतीवर सीसीटीव्ही कॅमेरा बसवून शहराचे चित्रण केले आहे. कॅमेरा आकाशापासून खाली झुकत जातो, टॉवरांवरून चाळींवर, झोपड्यांच्या ताडपत्रीवर, माणसांवर येतो. काम भव्य आहे, त्याची पकड सुटत नाही. पण खालच्या माणसाला वर कॅमेरा आहे हे ठाऊक नाही. 'खिडकियाँ'त जी बरोबरी होती, ती इथे कुठे आहे? हेतू चांगला असला तरी पस्तिसाव्या मजल्यावरची नजर ती पस्तिसाव्या मजल्यावरचीच. हात बदलला की डोळा आपोआप बदलतो, असे आम्हाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप आखातांच्या चित्रपटाबाबत. वहाणावर बाया नसतात, म्हणून वहाणावरच्या चित्रांतही त्या नाहीत. हे वास्तव आहे, पण फोन किनाऱ्यावरही होते. खलाशांच्या घरातल्या स्त्रियांच्या फोनमध्ये कोणता समुद्र होता, हे कळले असते तर चौथे आखात पुरे झाले असते.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, चिंता आहे. 'कॅम्प'ला २०२० सालचा नाम जून पाइक कला केंद्राचा पुरस्कार मिळाला. २०२५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन झाले आणि हा चित्रपटही त्यात होता. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या प्रतिमा ब्लूटूथवरून फुकट फिरल्या, त्या अशा दालनात पोचल्यावर त्यांच्यावर कोणाचा किती हक्क, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

सहा

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात एव्हाना दुसराच प्रश्न आला असेल. तस्वीर मुळात जायज आहे का? उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण डिजिटल चित्राविषयी जी चर्चा झाली, तिच्यातला एक मुद्दा कलेच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. काही विद्वान म्हणतात, कागदावर छापलेली तस्वीर आणि पडद्यावर दिसणारे चित्र एक नव्हेत. पडद्यावरचे चित्र आरशातल्या, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे आहे, अक्स आहे, वीज गेली की ते नाही. दुसरे विद्वान हा फरक मान्य करत नाहीत.

आम्हाला त्यात दिसते ते असे. अक्स मालकीचा नसतो. आरशासमोर माणूस आहे तोवरच त्याचा अक्स असतो, त्याचा संबंध त्या माणसाशी तुटत नाही. मोबाइलमधील चित्र अक्स आहे असे मानले, तर ते ज्याचे आहे त्याच्यापासून तोडून वापरणे ही खयानत ठरते. मग ते दंगलीचे चित्र असो, कोण्या पोरीचा फोटो असो की कुठल्यातरी देशातले दृश्य 'आपल्या गावचे' म्हणून पसरवणे असो. चित्र ही अमानत आहे. आजच्या प्रतिमांच्या राजकारणाला आपल्या परंपरेकडून देता येईल असा हा एक शब्द आहे, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. 'कॅम्प'ची कामे आम्ही याच कसोटीवर पाहिली. जिथे अमानत सांभाळली गेली तिथे ती मोठी झाली, आणि जिथे नजर एकतर्फी राहिली तिथे थोडी उणी पडली.

हा शब्द आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. महासाथीत घरातले एक वडीलधारे माणूस गेले. त्यांचा बटनांचा फोन बंद पडलेला होता. आम्ही तो गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. पोरगा म्हणाला, "चाचा, फोन तो जिंदा नहीं होगा, मगर अंदर का माल निकल जाएगा." त्याने बोर्ड तापवला, तारा जोडल्या. फाइली उघडू लागल्या तेव्हा त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि स्वतः दुसऱ्या फोनचे काम हातात घेतले. आम्ही विचारले, बघत का नाहीस? तो म्हणाला, "आपके घर का है ना." अमानत या शब्दाची याहून चांगली व्याख्या आम्हाला अजून सापडलेली नाही.

सात

वाशीम जिल्ह्यात आता एक नवे संग्रहालय झाले आहे. पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराची इमारत उभारून तिच्यात बंजारा समाजाचा वारसा मांडला आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तांड्यातांड्यांवरच्या समाजाने आपला इतिहास एका छताखाली पाहिला, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे इमारत नाही आणि तिची घाईही नाही. पण कपाटातले डबे आहेत. त्यांत मेलेले फोन आणि नखाएवढी कार्डे आहेत, आणि त्यांवर संदल, निकाह, मदरशाचे जलसे, पावसात वाहून गेलेले सोयाबीन, आखातात गेलेल्या मुलाने पाठवलेला ईदचा सलाम असे सगळे आहे. 'कॅम्प'ने इतरांबरोबर २००८ साली 'पॅड डॉट मा' हा चित्रणांचा खुला संग्रह सुरू केला. कापून टाकलेले, न वापरलेले चित्रण तिथे तपशीलवार टिपणे जोडून जपले जाते. असे काम एखाद्या कारंज्याच्या किंवा रिसोडच्या वाचनालयातही करता येईल, घरच्यांच्या इजाजतीने, स्त्रियांना विचारून, आणि जे दाखवायचे नाही ते न दाखवण्याचा हक्क राखून.

मुस्लिम मराठी साहित्याने आजवर 'आम्ही असे नाही' हे सांगण्यात पुष्कळ शक्ती खर्च केली. ते आवश्यक होते. पण दुसऱ्याने काढलेले आपले चित्र खोडत बसण्यापेक्षा आपण काढलेली आणि आपणच भंगारात घातलेली चित्रे शोधणे हे पुढचे काम आहे. भंगारवाला येत्या आठवड्यात गल्लीत येईल, जुना मोबाइल तराजूत टाकील. त्याआधी एकदा तो उघडून पाहायला हवा. फोन जिवंत होणार नाही, पण आतला माल निघेल.